मु. पो. वज्रेश्वरी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्याची मुंज झाली. निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें. वज्रेश्वरीस राहणाऱ्या थोरल्या आत्यांचा पत्ता जुन्या वहींत होता: 'मु. पो. वज्रेश्वरी, ता. भिवंडी, जि. ठाणे, ४०१२०४.' तालुका भिवंडी, आणि भिवंडीचा पिन तर ४२१३०२! वहींत चूक झाली असावी असें समजून मीं शहाणपणानें आंकडा बदलला. पत्रिका पोंचली ती मुंज होऊन चार दिवसांनीं. ऐंशी वर्षांच्या आत्यांना वाटलें, भाचे आपणांस विसरले. क्षमा मागावयास मी स्वतःच निघालों.

शिरसाड फाट्यावरून एस. टी. पूर्वेकडे वळली, तशी उजव्या हातास तुंगारेश्वराची डोंगररांग दिसूं लागली. पुढें तानसेचें खोरें, आणि मग तटबंदीनें वेढलेलें, नगारखाना मिरविणारें देवीचें मंदिर. वसईचा किल्ला सर झाल्यास देवालय बांधीन, असा नवस चिमाजीआप्पांनीं केला व १७३९ सालीं वसई हातीं आल्यावर तो फेडला गेला, असें परंपरा सांगते. गांवाचें जुनें नांव वडवली. वडवल्या एका ठाणे जिल्ह्यांतच अनेक. देवीच्या नांवानें हें गांव मात्र सहज ओळखूं येऊं लागलें.

दर्शन घेऊन आत्यांच्या घरीं गेलों. माझा अपराध ऐकून त्या हंसल्या. "अरे, वहींतला आंकडा खराच होता. तालुक्याचा हिशेब वेगळा, टपालाचा वेगळा."

आपण पत्त्यावर जीं अक्षरें लिहितों तीं किती बोलकीं आहेत! गांवांत टपालकचेरी असल्यास 'मु. पो.' जोडून लिहावयाचें. नसल्यास मुक्काम एक आणि पोस्ट दुसरें. 'ता.' आणि 'जि.' हीं सरकारी कारभाराचीं चिन्हें. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि लिहिणारांच्या अनेक भाषा, यांमुळें होणारा घोटाळा टळावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच एक संस्कृत पंडित व कवि, ही गोष्ट किती घरांत ठाऊक असेल? सहा आंकड्यांपैकीं पहिला विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग. पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन वांटपाची कचेरी. वसई ४०१२०१, वज्रेश्वरी ४०१२०४. म्हणजे या गणनेंत वज्रेश्वरी बसली आहे ती वसईच्या पंक्तीस. कल्याण, भिवंडी व वाडा हीं ४२१ मध्यें.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. वसई तिकडे गेली, वज्रेश्वरी ठाण्यांतच राहिली. पिन मात्र दोघींचे होते तेच आहेत. ज्या वसईसाठीं देवीला नवस झाला, तिच्याशीं असलेलें नातें या आंकड्यांत टिकलें, हा योगायोगच. पण मला तो फार गोड वाटला.

निघतांना आत्यांनीं बटूसाठीं प्रसादाची पुडी दिली आणि म्हणाल्या, "लग्नाची पत्रिका तरी वेळेवर धाड हो!" घरीं येतांच मीं वही काढली. तेथें मीं केलेली खाडाखोड होती. ती खोडून शेजारीं ४०१२०४ हा आंकडा पुन्हा लिहिला, ठळक अक्षरांत.