मुळशीच्या कांठचें गणित

गेल्या पावसाळ्यांत आम्ही सहकुटुंब मुळशीच्या तलावाकांठीं गेलों होतों. पुतणीनें गणिताची वही बरोबर आणली होती. संयुक्त फलनानें तिला रडकुंडीस आणलें होतें. फलन म्हणजे एक संख्या घालावी आणि ठरल्या नियमानें दुसरी निघावी. फ(क्ष) म्हणजे क्षची दुप्पट अधिक ३. ग(क्ष) म्हणजे क्षचा वर्ग. क्ष २ असतां फ(ग(क्ष)) किती? तिचें उत्तर ४९, पुस्तकांतलें ११.

"काका, आंकडेमोड तर बरोबर आहे!"

होतीच, चुकला होता क्रम. डावीकडून वाचण्याची आपली सवय येथें घात करते. आधीं आंतला कंस सोडवावा: २ चा वर्ग ४. मग बाहेरचा: ४ ची दुप्पट ८, त्यांत ३ मिळवून ११. पोरीनें आधीं ७ केले आणि त्यांचा वर्ग घेतला.

आम्हीं तिला समोरचें पाणी दाखविलें. मुळा नदीवरचें हें धरण १९२७ मध्यें पुरें झालें. किती मिलिमीटर पाऊस पडला त्यावरून तलावांत किती पाणी आलें हें काढतां येतें. तें आंतलें फलन. तेंच पाणी घाटाखालीं भिऱ्यास सुमारें पांचशें मीटर उतरून दर घनमीटरास साधारण सव्वा युनिट वीज देतें, तें बाहेरचें. पहिल्यांतून निघेल तें दुसऱ्यास घालतां आलें पाहिजे. येथें क्रम उलटला तर उत्तर नुसतें चुकत नाहीं, तें संभवतच नाहीं.

"आणि पहिल्यांतच जें घालतां येत नाहीं, त्याचें?"

या प्रश्नानें आम्ही थबकलों. याच पाण्याखालीं आमच्या पणजोबांचीं भातखाचरें आहेत. १९२१ सालीं सेनापति बापटांसह मावळे सत्याग्रहास उभे राहिले, तेव्हां पणजोबा पुण्यांत मोबदल्याचा हिशेब मांडीत होते. जमिनीवरून रुपये, रुपयांवरून शहरांतलें घर: आमच्या कुटुंबाचें संयुक्त फलन बिनचूक सुटलें. तीं खाचरें कसणारें कूळ मात्र पहिल्या फलनाच्या क्षेत्रांतच नव्हतें, कारण जमीन त्याच्या नांवें नव्हती. दुसऱ्या पायरीवर त्याच्यासाठीं काय घालावयाचें?

पुतणीनें ४९ खोडून ११ लिहिले. मग विचारलें, "त्या कुळाचें नांव काय होतें?"

पणजोबांची वही आमच्याजवळ आहे. तींत रुपये आण्यांपर्यंत टिपलेले आहेत. नांव नाहीं.