अँटेनाचे तोंड कुणीकडे?

प्रवेश अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी नांदेडला कॉलेजात नाव घातले तेव्हा त्यात मी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ असे लिहिले होते. आबांनी ते वाचले आणि हसले. म्हणाले, “सरळ टीव्हीवाला लिही की गं माय. लाज वाटायली का?” वाटत होती, आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

लातूर जिल्ह्यात चाकूरला आमचे दुकान आहे. आबा सातवी शिकलेले. लातूरच्या एका दुकानात उमेदवारी करून त्यांनी हे काम उचलले. तेव्हा अँटेना बसवणे म्हणजे एक सोहळाच असे. आबा छपरावर, पोरगा आत टीव्हीपुढे, आणि घरधनीण अंगणात उभी राहून दोघांचे निरोप पोचवणार, “आलं... गेलं... थांबा, मुंग्या यायल्यात!” अँटेनाचे तोंड अंबाजोगाईच्या टॉवरकडे करायचे, हे आबांना डोळे मिटून जमे.

पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही महिन्याचे भाडे नसलेली सेवा सुरू झाली. आज तिला फ्री डिश म्हणतात. तोंड अंबाजोगाईकडून सुटले आणि आग्नेयेच्या आभाळाकडे वळले. आबांनी नवे मीटर घेतले, छत्र्या बसवायला शिकले. मग २०११ चा कायदा आला आणि केबलच्या प्रत्येक घरात डबा सक्तीचा झाला. मुंबईपासून २०१२ साली सुरुवात होऊन २०१७ पर्यंत ती लाट खेड्यांपर्यंत आली. आबा तेही शिकले. अडाणी माणसाला नवे नको असते असे वर्गात कुणी म्हणाले की मला आबांचे ते मीटर आठवते.

पण एक दिवस ते हरले. मी तेव्हा शाळेत होते. शेतातल्या आखाड्यावर राहणारे एक म्हातारे बाबा आपला छोटा टीव्ही पोत्यात घालून घेऊन आले. “सकाळधरनं चित्रच येईना गेलंय.” आबांनी संच उघडला, दोन भाग बदलले, मग गाडीवर बसून आखाड्यावर गेले आणि उन्हात दुपारपर्यंत अँटेना फिरवत राहिले. चित्र आले नाही. संचही नीट होता, अँटेनाही नीट होती. २०२१-२२ मध्ये देशभरातली जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे, मोजकी ठिकाणे सोडून, बंद होत होती. ती बातमी कुठेतरी छापून आली असेलच. आमच्या दुकानापर्यंत आली नाही. बाबांकडून आबांनी पैसे घेतले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “टॉवरच न्हाई, अन् म्या तोंड फिरवत बसलो.”

यंदा राज्यशास्त्राच्या सरांनी ‘राज्यसंस्था आणि तंत्रज्ञान’ या विषयावर स्वाध्याय दिला, तेव्हा मी त्या दुपारच्या मागे लागले.

केंद्राने एका भाषेत बोलायचे आणि संचाने ती समजायची, या कराराला मानक म्हणतात. मला वाटे, हे काम शास्त्रज्ञांचे. जे उत्तम ते निवडले जात असेल. तसे मुळीच नाही! रंगीत टीव्ही आला तेव्हा पश्चिम जर्मनीने पाल घेतले आणि पूर्व जर्मनीने फ्रान्सचे सेकाम. एकाच बर्लिनमध्ये भिंतीच्या दोन बाजूंना रंगांच्या दोन भाषा. डिजिटलच्या वेळी अमेरिका, युरोप, जपान आणि चीन अशी चार दुकाने मांडली गेली. ब्राझीलने २००६ मध्ये जपानचे मानक निवडले. तिथल्या टीव्ही कंपन्यांना ते हवे होते, कारण त्यात फोन कंपनीला मध्ये न घेता चित्र थेट मोबाइलवर जात होते. पण ब्राझीलने ते जसेच्या तसे उचलले नाही. आपल्या विद्यापीठांत घडलेली गिंगा नावाची प्रणाली त्यात बसवली. घासाघीस करून घेतले म्हणा ना, आठवडी बाजारात आमची आई करते तशी.

आपण १९९९ मध्येच युरोपचे मानक स्वीकारले. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. भाषा निवडली, पण आबांच्या दुकानात येणाऱ्या संचांना ती येतच नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या सुधारित रूपाचे प्रक्षेपण १६ शहरांत सुरू असल्याचे जाहीर झाले. त्यात तेव्हाचे औरंगाबाद होते. मोबाइलला एक डोंगल जोडले की दूरदर्शन दिसणार होते. मराठवाड्यात ते एवढेच आले. नांदेड-लातूरच्या एसटीत कुणाच्या हाती ते डोंगल मी पाहिलेले नाही.

आणि आता चर्चा आहे ती मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट टीव्हीची. तिच्या चाचण्या अमेरिकन मानकावर झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये १९ शहरांत चाचण्या घेण्याचा विचार सरकारने बोलून दाखवला. सॅमसंग, क्वालकॉम यांसारख्या कंपन्यांनी २०२३ मध्येच विरोध केला. एका फोनमागे सुमारे ३० डॉलर वाढतील असे त्यांचे म्हणणे. सरकार बोलले, कंपन्या बोलल्या, शास्त्रज्ञ बोलले. छपरावर चढणाऱ्याला विचारावे असे यात कुठे आहे, ते मी शोधत होते.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ स्क्रूड्रायव्हर हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी छत्री बी जाणार?” मला उत्तर देता आले नाही. लातूरचा व्यापारी चाळीस डिश-डबे एकदम घेतले तर स्वस्तात देत होता आणि आई बचत गटातून पैसे उचलणार होती. त्यातही डबे एमपेग-२ चे; त्यांवर एमपेग-४ मधली चॅनेल दिसत नाहीत, आणि शेजाऱ्याकडे दिसणारे आपल्याकडे का दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक आबांशीच भांडते. “तू शिकायलीस. सांग, घ्यावं का?”

इतक्या पुस्तकांत आणि बातम्यांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी म्हटले, वीस घ्या, आणि नव्या पद्धतीचे घ्या, थोडे महाग पडले तरी.

त्यांनी वीस घेतले. संक्रांतीपर्यंत बारा गेले. उरलेले आठ मधल्या खोलीत माझ्या बाजेखाली आहेत. मी घरी गेले की आधी ते मोजते.