बाहेरचा गोलंदाज

गेल्या डिसेंबरांत कांहीं दिवस आम्ही वडनेर भोलजीस आमच्या जुन्या घरीं होतों. त्या महिन्याच्या १६ तारखेस दुपारीं सारें घर दूरचित्रवाणीपुढें जमलें होतें. अबूधाबीस आयपीएलच्या खेळाडूंचा लिलाव चालला होता. कॅमेरॉन ग्रीन या ऑस्ट्रेलियन खेळाडूवरून कोलकाता व चेन्नई या दोन संघांत अशी कांहीं चढाओढ लागली कीं, बोली २५ कोटी २० लक्षांवर जाऊन थांबली, आणि कोलकात्यानें त्यास घेतलें. आमच्या वृद्ध मातोश्री कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं हात थांबवून विचारलें, "इतका कापूस कोण रे विकत घेतोय?"

दादांनीं लागलीच पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये होता. म्हणजे या एका खेळाडूचे सुमारें ३१ हजार क्विंटल झाले! आमच्या शेतांत बऱ्या वर्षीं चाळीस क्विंटल कापूस निघतो. तेव्हां हें एक खरेदीखत फेडावयास आमच्या कुळाला पावणेआठशें वर्षें लागलीं असतीं. बोंडअळी आली तर अधिकच.

आमच्या धाकट्या पुतण्यास मात्र हें हसणें रुचलें नाहीं. वय सोळा, गोलंदाजीचें वेड. "काका, त्याला सगळे थोडेच मिळणार आहेत!" असें म्हणून त्यानें आम्हांस नियम समजावून दिला. छोट्या लिलावांत परदेशी खेळाडूच्या पदरीं १८ कोटींहून अधिक पडत नाहींत. वरची रक्कम क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंच्या कल्याणार्थ जाते. नियमाचें कारणही मौजेचें आहे. मोठा लिलाव असतो त्या वर्षीं बाजारांत माल पुष्कळ, म्हणून भाव बेताचे. मधल्या वर्षीं चांगले परदेशी गडी थोडे, संघ दहा, आणि एखाद्या संघाची थैली जड! मग मोठा लिलाव चुकवून मधल्या वर्षींच यावें, हें शहाणपण कांहीं परदेशी खेळाडूंस सुचलें. त्यास हा बांध घालण्यांत आला. अकरांत परदेशी चारच खेळूं शकतात, त्यामुळें त्या चार जागांचें मोल आणखीच वाढतें. आमच्या बाजारसमितीच्या आवारांत बसणाऱ्या कोणाही अडत्यास हें अर्थशास्त्र शिकवावें लागणार नाहीं.

एवढे पैसे मोजून पदरांत काय पडतें, हा प्रश्न निराळा. २०१७ सालीं पुण्याच्या संघानें इंग्लंडच्या बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींस घेतलें. तो त्या स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच स्टोक्सला २०२३ च्या स्पर्धेसाठीं चेन्नईनें सव्वासोळा कोटी दिले. तो दोन सामने खेळला व त्यानें पंधरा धावा केल्या. माणूस तोच, पण दुखऱ्या गुडघ्याचा भाव लिलावांत कोण लावणार?

अमेरिकेंतील बेसबॉलवाल्यांनीं तर याहून पुढची पायरी गांठली आहे. २००६ सालीं बोस्टनच्या रेड सॉक्स संघानें दाइसुके मात्सुझाका या जपानी चेंडूफेक्याशीं केवळ बोलणीं करण्याच्या हक्कासाठीं त्याच्या जपानी संघास पांच कोटी अकरा लक्ष डॉलर मोजले. खेळाडूचा स्वतःचा करार, सहा वर्षांचा व पांच कोटी वीस लक्षांचा, तो निराळा. हें ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मुलगी दाखवायच्या आधींच हुंडा!" उपमा बिनतोड खरी. तरी ज्यांनीं मुलास वाढविलें त्यांच्या हातीं कांहीं तरी पडलें, हें त्या व्यवहारांत आम्हांस बरें वाटलें.

परका खेळाडू आणण्याचा मार्ग आपल्या विदर्भानेंही धरला आहे, आणि तो आम्हांस अभिमानानें सांगावासा वाटतो. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळावयास आला. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीमुळें त्याचा वायां गेला, तरी त्याचा मोबदला त्यास पुरा देण्यांत आला. पुढील वर्षीं तो बिनमोबदला खेळला! त्याच हंगामांत, १ जानेवारी २०१८ रोजीं इंदुरास दिल्लीचा पराभव करून विदर्भानें पहिला रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं त्यानें हजारावर धावा केल्या व करंडक पुन्हां नागपुरास राहिला. ज्या विदर्भाच्या संघाकडे पूर्वीं कोणी ढुंकूनही पाहत नसे, त्याच्या तरुण पोरांनीं जाफरच्या शेजारीं उभें राहून काय मिळविलें, तें कोणत्याही पाकिटाच्या पाठीवर मांडतां येणार नाहीं.

हें सारें ज्ञान आम्ही संक्रांतीच्या आधीं चार दिवस मोठ्या ऐटींत पाजळीत होतों. त्याच सुमारास गांवांतील एका संघाचा कप्तान टेनिसच्या चेंडूवरील सामन्यांसाठीं वर्गणी मागावयास आला. "काका, आपल्यापाशी फास्ट बॉलर नाई ना. बाहेरचा आनला तरच फायनल!" आम्हीं जाफरचें स्मरण करून चार हजार रुपये काढून दिले.

अकोल्याकडचा गोलंदाज आला. गडी खरोखर तयारीचा होता. परंतु अकरांत जागा अकराच, आणि त्याच्यासाठीं जो एक वगळला गेला तो आमचा पुतण्या! हें आम्हांस मैदानावर गेल्यावर कळलें. पोरगा पाण्याच्या बाटल्या घेऊन धांवत होता. आम्हांस पाहून त्यानें मान खालीं घातली. चार हजार कोणीं दिले, हें त्यास ठाऊक होतें. गांवचा संघ अंतिम सामना जिंकला, लोकांनीं आम्हांस हार घातला, आणि तो हार गळ्यांत असेतों आम्हांस पुतण्याकडे पाहण्याचा धीर झाला नाहीं.

दोन दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं. दादा कांहीं म्हणाले नाहींत. वहिनींनीं मात्र तिळगुळाची वाटी आमच्यापुढें जरा जोरानेंच ठेवली. तिसऱ्या दिवशीं कप्तान पुन्हां आला. पाहुण्याच्या पेट्रोलाचे पांचशें राहिले होते, आणि तो परत निघावयाच्या बेतांत हमरस्त्यावर उभा होता. आम्ही पैसे काढले, तों पुतण्यानेंच हात पुढें केला. "मी देऊन येतों, काका."

तो तासाभरानें आला. उजव्या हाताचीं पहिलीं दोन बोटें लाल झालीं होतीं. जेवतांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं. जेवणानंतर मागील अंगणांतून भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येऊं लागला. चिकटपट्टी गुंडाळलेल्या चेंडूचा आवाज जरा निराळा असतो. गिलावा पडेल म्हणून वहिनी ओरडल्या. दादांनीं त्यांस हातानेंच गप्प राहण्याची खूण केली, आणि आम्ही दिवा मागच्या बाजूस नेऊन ठेवला.