टोपीतले सहाशे व्होल्ट

८०७ या व्हॉल्व्हचं काही बिनसलं की तो ते लपवत नाही. झेपेल त्याहून जास्त करंट त्याच्यावर लादला, की आतली काळी प्लेट एका बाजूने तांबूस व्हायला लागते. तरी कोणी लक्ष दिलं नाही तर ती अख्खी लाल होते. त्यानंतरही मुख्य स्विचपर्यंत हात न्यायला तो थोडा वेळ देतो. ट्रान्झिस्टरला ही रीतभात नाही. मेलेला आणि जिवंत ट्रान्झिस्टर बाहेरून अगदी सारखे दिसतात. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, दोन-तीन पिढ्या ट्रान्समीटर बांधायला शिकल्या त्या याच व्हॉल्व्हच्या तोंडाकडे बघत.

अंगकाठी सांगायची तर उंची जेमतेम पावणेसहा इंच. वर काचेचं गोल डोकं, त्याखाली रुंद खांदे, मग निमुळतं होत जाणारं अंग आणि बुडाला पाच पाय. डोक्यावर धातूची लहानशी टोपी. प्लेटची जोडणी खाली पायांतून न काढता या टोपीतून काढली आहे, म्हणजे सहाशे व्होल्ट डोक्यावर घेऊनच हा गडी उभा असतो. अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडच्या हॅम लोकांत बिअरच्या बाटलीला ‘८०७’ म्हणायची पद्धत आहे, बहुधा या ठेवणीमुळेच. आपल्याकडे बदनामी तेवढ्या थराला गेली नाही.

जन्म १९३६चा, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत. पण घराण्याची गोष्ट तिथे सुरू होत नाही. साध्या टेट्रोड, म्हणजे दोन ग्रिडच्या, व्हॉल्व्हमध्ये एक खोड होती. प्लेटवर आदळलेले इलेक्ट्रॉन तिथून आणखी इलेक्ट्रॉन उडवायचे, आणि प्लेटचं व्होल्टेज स्क्रीन ग्रिडपेक्षा खाली आलं की ती स्क्रीन हे उडालेले इलेक्ट्रॉन पळवायची. आलेखात तिथे खड्डा पडायचा. फिलिप्सने मध्ये तिसरी ग्रिड घालून हा खड्डा बुजवला आणि त्या पेंटोडचं पेटंट घेऊन ठेवलं. मग इंग्लंडात ईएमआयच्या बुल आणि रॉडा या दोघांनी आडवाट शोधली. दोन्ही ग्रिडच्या तारा नेमक्या एकीमागे एक आणायच्या आणि दोन बाजूंना कॅथोडला जोडलेले पत्रे उभे करायचे. इलेक्ट्रॉन मग पट्ट्यापट्ट्यांनी दाटीवाटीने जातात आणि ती दाटीच उडालेल्यांना परत प्लेटकडे रेटते. वेगळ्या ग्रिडची गरजच नाही. आरसीएने याच कल्पनेवर ६एल६ काढला. तो ऑडिओसाठी. त्याच वर्षी तसलीच आतली मांडणी उंच काचेत घालून, प्लेट वरून काढून जो ट्रान्समीटरसाठी तयार केला तो ८०७.

लगेच महायुद्ध आलं आणि त्याला नोकरी लागली. एका नव्हे, अनेक सैन्यांत. अमेरिकन सैन्यात त्याचं नाव व्हीटी-१००, ब्रिटिशांच्या दप्तरी सीव्ही १२४, आणि रशियनांनी आपल्या लिपीत जी-८०७ म्हणून स्वतःचा बनवला. त्याचा एक सख्खा भाऊ, १६२५, विमानांतल्या कमांड सेट ट्रान्समीटरमध्ये जोडीने काम करायचा. आतून सगळं तेच, फक्त फिलामेंट ६.३ ऐवजी १२.६ व्होल्टचं आणि पाच पायांऐवजी सात. युद्ध संपल्यावर हे सगळे एकदम बेकार झाले आणि डिस्पोजलच्या पेट्यांमधून जगभरच्या जुन्या बाजारांत उतरले. मुंबईत लॅमिंग्टन रोड नि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. नव्या ट्रान्समिटिंग व्हॉल्व्हची किंमत ऐकून माघारी फिरणाऱ्या मुलाला सैन्यातून सुटलेला ८०७ परवडायचा. लायसन्स हातात पडल्यावर पहिला ‘फायनल’, म्हणजे अँटेनाला ताकद देणारा शेवटचा टप्पा, बांधायचा तो बहुतेकदा याचाच.

आता स्वभाव. थोडक्यात सांगायचं तर अतिउत्साही. ग्रिडवर ०.२ वॉटची ड्राइव्ह दिली की अँटेनाच्या बाजूला ४० वॉट निघतात. प्लेटला ६०० व्होल्ट, स्क्रीनला २५०, ग्रिडला उणे ४५ आणि प्लेट करंट १०० मिलिअँपिअर, असा आरसीएच्या तक्त्यातला त्याचा रोजचा रतीब. आत गेले ६० वॉट, बाहेर पडले ४०, उरलेले वीसेक वॉट प्लेटने उष्णता म्हणून सोसायचे. तिची सोसायची मर्यादा २५. म्हणजे सगळं जुळलं तर हातात थोडी सवड राहते, आणि नाही जुळलं तर ती सवड बघता बघता संपते.

इतकी वाढ देणाऱ्याला संगत जपावी लागते. बाहेर पडलेल्या ताकदीचा कणभर भाग जरी ग्रिडकडे परत पोचला तरी तो त्यालाच ड्राइव्ह समजून वाढवतो, ते पुन्हा परत येतं, आणि ट्रान्समीटर स्वतःच्याच नादात गायला लागतो. आतल्या आत प्लेट आणि ग्रिडमधली कपॅसिटी फार थोडी आहे, जास्तीत जास्त ०.२ पिकोफॅरड. तो दोष मोठा नाही. पण आपण बाहेर दोन तारा शेजारून नेल्या की ती सगळी मेहनत वाया. म्हणून जाणते लोक त्याला चॅसिसवर नुसता उभा करत नाहीत. कमरेपर्यंत पत्र्याच्या डब्यात उतरवतात, म्हणजे ग्रिडची बाजू खाली झाकली जाते आणि प्लेटची वर मोकळी राहते.

खरी डोकेदुखी वेगळ्याच गाण्याची. आपण ७ मेगाहर्ट्झवर काम करतोय असं समजतो आणि हा मात्र जोडणीच्या तारांनाच कॉइल मानून शंभराच्या वर कुठेतरी आंदोलनं काढत बसतो. याला पॅरासिटिक म्हणतात. लक्षणं ठरलेली. ड्राइव्ह काढून घेतली तरी ग्रिड करंट दिसतो. अँटेनाऐवजी डमी लोड म्हणून लावलेला बल्ब पेटत नाही, पण प्लेट तापते. टँक कॉइलजवळ नुसता हात नेला तरी मीटरची सुई सरकते. अशा वेळी वायरमनकडचा साधा निऑन टेस्टर कामाला येतो. त्याचं टोक कशालाही न टेकवता टोपीच्या दिशेने नेलं, की हवेतच त्यातला दिवा नारिंगी पेटतो. ड्राइव्ह बंद असताना तो पेटला तर चोर सापडला. एक हात खिशात ठेवूनच हे करायचं. टोपी उघडी असते, आणि वीज बंद केल्यावरही फिल्टरचे कंडेन्सर भरलेले राहतात, ब्लीडर रेझिस्टर तुटला असेल तर बराच वेळ.

इलाज मात्र चार आण्यांचा. ५०-१०० ओमचा कार्बन रेझिस्टर घ्यायचा, त्याच्यावरच जाड तारेचे पाच-सहा वेढे मारायचे आणि तो टोपीला अगदी चिकटून लावायचा. ७ मेगाहर्ट्झला ते पाच वेढे म्हणजे सरळ तारच, करंट तिथून निघून जातो. शंभरच्या वर तेच वेढे वाट अडवतात, तिथल्या करंटला रेझिस्टरमधून जावं लागतं आणि आंदोलनाचा जीव जातो. तारेचा गुंडाळलेला रेझिस्टर इथे चालत नाही, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो. दुसरा लहान रेझिस्टर, म्हणजे ग्रिड स्टॉपर, ग्रिडच्या पिनवर, आणि स्क्रीनचा बायपास कंडेन्सर आखूड पायांनी थेट चॅसिसला. एवढं न करता सॉकेटमधला व्हॉल्व्हच बदलून बघणारे खूप. माझं मत विचाराल तर ८०७वर आजवर झालेल्या आरोपांपैकी बहुतेक आरोप त्याच्या भोवतालच्या वायरिंगवर व्हायला हवे होते.

डिझाइनचं म्हणाल तर त्याला खायला घालण्यापेक्षा त्याचं काम बाहेर काढणं अवघड. ६०० व्होल्ट भागिले दुप्पट प्लेट करंट, म्हणजे ०.२ अँपिअर, असा ढोबळ हिशेब केला की त्याला समोर साधारण ३००० ओमचा लोड हवा असं येतं. अँटेनाची केबल ५० ओमची. मध्ये दुभाषा म्हणून पाय नेटवर्क. क्यू १२ धरला तर ७ मेगाहर्ट्झला प्लेटकडे सुमारे ९० पिकोफॅरड, मध्ये सहा मायक्रोहेन्रीची कॉइल आणि अँटेनाकडे साडेपाचशेच्या आसपास. अँटेनाकडे जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर दोन्ही भाग जोडून खुशाल लावावा. ४० वॉटला तिथे साठ-सत्तर व्होल्टच असतात. तोच गँग प्लेटकडे लावला की त्याच्या जवळजवळच्या पात्यांत ठिणग्या उडतात. तिथे पात्यांमध्ये अंतर असलेलाच हवा.

ट्यूनिंगची वेळ ही त्याला भेटायची खरी वेळ. ग्रिडचा मीटर साडेतीन-चार मिलिअँपिअर दाखवतोय याची खात्री करून मोर्सची की दाबायची आणि प्लेटकडचा कंडेन्सर फिरवायचा. प्लेट करंट चढलेला असतो. एका जागी सुई झपकन खाली येते. हा डिप. रेझोनन्स तिथे. मग लोडिंगचा गँग थोडा उघडायचा, करंट चढतो, पुन्हा डिप शोधायचा, पुन्हा थोडा उघडायचा. एकेक पायरी चढत शंभर मिलिअँपिअरपर्यंत यायचं. समोरचा ४० वॉटचा बल्ब आधी तांबडा मग पिवळा होत जातो. (बल्बचा रेझिस्टन्स तापेल तसा बदलतो, त्यामुळे तो खरा डमी लोड नव्हे, हे शुद्धतावाद्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण पहिल्यांदा आपल्या हातच्या रेडिओ लहरींनी बल्ब पेटलेला बघणाऱ्याला ते सांगून बघा.) डिपपासून दूर असताना मात्र की दाबून विचार करत बसायचं नाही. तेवढ्यात त्याची प्लेट लाल होते.

दोन गोष्टी त्याला अजिबात खपत नाहीत. ग्रिडच्या करंटवरच बायस उभा केलेला असेल आणि ऑसिलेटर मध्येच बंद पडला, तर उणे ४५ व्होल्ट जागच्या जागी नाहीसे होतात आणि तो वाटेल तेवढा करंट ओढतो. यावर उपाय कॅथोडमध्ये रेझिस्टर, किंवा स्क्रीनवर लक्ष ठेवायला क्लॅम्प म्हणून दुसरा एखादा व्हॉल्व्ह. दुसरी गोष्ट अधिक वाईट. प्लेटचा पुरवठा तुटला आणि स्क्रीनचा चालू राहिला, तर प्लेटकडे जाणारे सगळे इलेक्ट्रॉन त्या नाजूक ग्रिडवर येऊन पडतात आणि तिच्या तारा जळतात. म्हणून स्क्रीनला वेगळा पुरवठा न देता प्लेटच्याच लाइनवरून रेझिस्टरने व्होल्टेज उतरवून द्यायची जुनी पद्धत. प्लेट गेली तर स्क्रीनही जाईल.

चेहरा वाचायचा तर रंगांत फरक करता यायला हवा. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली निळी झाक असेल तर ती निरोगी आहे, भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळतात त्याची. जांभळट-गुलाबी प्रकाश इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत भरून राहिला असेल तर आत वायू शिरलाय. काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग म्हणजे बेरियमचा गेटर. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा शिरली आणि सगळंच संपलं. जुन्या बाजारात विक्रेता फिलामेंट पेटवून दाखवतो आणि “चालू आहे” म्हणतो. फिलामेंट पेटणं म्हणजे फक्त तार शाबूत असणं. कॅथोडवरच्या लेपात इलेक्ट्रॉन सोडायचा जोर उरलाय का, ते प्रत्यक्ष करंट ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हॅम लोकांना पुढे ६१४६ मिळाला, आकाराने लहान आणि जास्त वारंवारितेला पुरणारा, आणि मग ट्रान्झिस्टर आले. टीव्ही आल्यावर जुन्या ८०७वाल्यांचे शेजाऱ्यांशी खटकेही उडू लागले. २१ मेगाहर्ट्झची तिप्पट ६३, म्हणजे तेव्हाच्या टीव्हीच्या खालच्या व्हीएचएफ पट्ट्यातच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्यानंतर फिल्टर न लावता २१ मेगाहर्ट्झवर बोलणं म्हणजे शेजाऱ्याच्या पडद्यावर आडव्या रेघा काढणं.

आता त्याला गिऱ्हाईक आहे ते हाय-फायवाल्यांचं. जोडी जुळवून मागतात आणि घासाघीस करत नाहीत. ऑडिओत त्याला तुलनेने आराम, चारशे व्होल्टवर गाणी वाजवायची. पण स्वभाव बदललेला नाही. एका ओळखीच्यांचा ॲम्प्लिफायर गाणं बंद असतानाही तापत होता, एक प्लेट लालसर, आणि स्पीकर अगदी शांत. त्यांनी तोवर व्हॉल्व्हच्या दोन जोड्या बदलल्या होत्या. चॅसिस उलटा केला. ग्रिड स्टॉपर होता, किमतीचा आणि बरोबर मूल्याचा. फक्त तो पिनवर नव्हता, चार इंच तारेच्या दुसऱ्या टोकाला, दिसायला नीटनेटक्या टॅगबोर्डावर ओळीत बसवलेला होता.