दोन घ्या, तिसरा फुकट

मनुष्य दुकानात जातो तो आपल्या इच्छेने जातो आणि जे घेतो तेही आपल्या इच्छेनेच घेतो, असा आमचा पुष्कळ वर्षांचा समज होता. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ विद्यार्थ्यांना समजावून देण्यात ज्याच्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली, त्याचा समज याहून निराळा असता तरच नवल. पण खुद्द मिलच्याच देशात एका किराणा मालाच्या दुकानाने आमचा हा समज अवघ्या पाऊण तासात ढिला करून टाकला.

सन २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लीड्स येथे कन्येकडे राहावयास गेलो होतो. आमच्या रक्तात साखर वाढल्याचा निकाल डॉक्टरांनी त्यापूर्वीच दिलेला होता. या रोगाची आम्हांस पुस्तकी ओळख नव्हती. आमच्या वडिलांचा उजवा पाय त्यापायीच गुडघ्याखाली कापावा लागला, आणि पुढील दोन वर्षे त्यांची जखम धुण्याचे काम आमच्याकडे होते. अशा आम्हांस एके दिवशी कन्येने दूध, पाव आणि पालक आणण्यास धाडले. परत आलो तेव्हा पिशवीत दूध होते, पाव होता आणि चॉकलेटच्या बिस्किटांचे तीन पुडे होते. पालक विसरला होता.

"बाबा, हे कोणासाठी?" कन्येने विचारले.

"दोन घेतले की तिसरा फुकट होता," आम्ही उत्तर दिले. एवढा युक्तिशून्य युक्तिवाद आम्ही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतही कधी चालवून घेतला नसता. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आमच्या पायांकडे पाहिले.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून इंग्लंडात एक कायदा अमलात आला. ज्या व्यापाऱ्याकडे ५० वा अधिक नोकर आहेत, त्याने आपल्या २,००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानात अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध जिन्नस दाराशी, फडताळांच्या रांगांच्या टोकांना किंवा पैसे देण्याच्या जागी मांडू नयेत, असा त्याचा थोडक्यात आशय आहे. या जिन्नसांवरील 'एकावर एक फुकट' ही लालूच बंद करणारे कलम मात्र वारंवार पुढे ढकलले गेले, व ते १ ऑक्टोबर २०२५ रोजी लागू झाले. किंमत सरसकट निम्मी करण्यास अद्यापही मनाई नाही. व्यापाऱ्याच्या बुद्धीला सरकारने एवढी मोकळी जागा ठेवली आहे, आणि ती रिकामी राहणार नाही हे उघड आहे.

ही बातमी आम्ही पुण्यात वाचली तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आम्हांस राग आला. प्रौढ माणसांना पोरांसारखे वागविण्याचा हा प्रकार, असे आम्ही वर्गातही बोलून गेलो. आमचे तीन पुडे तेव्हा आमच्या स्मरणात नव्हते. अशा वेळी ते कोणाच्या असतात?

पण विचार करू लागलो तसतशी एक गोष्ट आम्हांस खटकू लागली. आमच्या लहानपणी वाणी पेढीवर बसे आणि माल त्याच्या पाठीमागे असे. जे हवे त्याचे नाव तोंडाने घ्यावे लागे, आणि आईने सांगितलेल्या यादीबाहेरचे नाव घेण्यास जीभ धजत नसे. अमेरिकेतील मेम्फिस शहरी १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' हे दुकान काढून गिऱ्हाइकाला स्वतःच माल उचलण्याची मुभा दिली. तेव्हापासून मागण्याचे काम जिभेकडून हाताकडे गेले. आणि हाताला समोर दिसेल ते लागते! रांगेच्या टोकाची जागा तर कंपन्या दुकानदाराला पैसे मोजून मिळवितात. निवड आमची खरी. पण आमच्या आधी तेथे दुसऱ्याच कोणाची तरी निवड होऊन गेलेली असते.

याचा परिणाम किती होतो? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या दुकानांनी आपण होऊन गल्ल्याजवळची मिठाई व वेफर हलविले, तेथून लहान पुडे घरी नेण्याचे प्रमाण प्रारंभी १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. वर्षानंतरही ही घट १५ टक्के होती. २०२२ च्या कायद्यानंतर लीड्सच्याच विद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या दुकानांची विक्री तपासली, तेव्हा विकल्या जाणाऱ्या दर १०० नगांत अशा जिन्नसांचे २० नग असत ते १९ झाल्याचे दिसले. एकच नग! आम्ही हसलो. मग साऱ्या दुकानांचा हिशेब वाचला, तर तो दिवसाला सुमारे वीस लाख नगांचा निघाला, आणि आमचे हसणे जागीच राहिले.

मिलने मोडक्या पुलाचा दृष्टान्त दिला आहे. अजाण वाटसरूला त्या पुलावरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडावे अशी त्याची इच्छाच नसते. हा दृष्टान्त आम्ही कितीदा तरी शिकविला असेल. पण आमच्या बाबतीत तो लागू पडत नाही, ही खरी अडचण आहे. पूल मोडका असल्याचे आम्हांस पक्के ठाऊक होते. वडील आमच्या डोळ्यांदेखत त्यावरून खाली गेले होते. तरी आम्ही पाय टाकलाच. जाणत्या माणसाच्या अशा पावलाला काय म्हणावे, याचे उत्तर आम्हांस त्या ग्रंथात सापडलेले नाही.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ साली, आम्ही पुन्हा लीड्सला गेलो. दुकान तेच होते. दाराशी संत्री मांडली होती आणि गल्ल्याजवळ बॅटऱ्या व शुभेच्छापत्रे होती. बिस्किटे आतल्या एका रांगेत होती. ती शोधीत आम्ही दोनदा फिरलो, आणि शोधीत आहोत हे लक्षात येताच थोडे ओशाळलो. पुडा निम्म्या किमतीला होता. दुसऱ्या पुड्यावर काही फुकट नव्हते. आम्ही एकच घेतला. पालकही घेतला.

घरी सौभाग्यवतींनी पिशवी रिकामी केली, पुडा डब्यात घातला आणि डबा नातवाचा हात पोचत नाही अशा फळीवर ठेवला. आमचा हात तेथे सहज पोचतो, हे त्यांस ठाऊक आहे.