नववीतला एक दाखला

त्या मुलाला शाळेतून काढायचा निर्णय माझा होता. सही मुख्याध्यापकांची, पण अहवाल मी लिहिला, पालकांना मी बोलावलं आणि ‘दाखला घेऊन जा’ हेही मीच सांगितलं. पुण्याच्या एका उपनगरातल्या माध्यमिक शाळेत मी तेव्हा पर्यवेक्षिका होते. २०२२-२३ चा तो काळ. कोयता गँगच्या बातम्या सारख्या येत होत्या. पंधरा-सोळा वर्षांची पोरं कोयते नाचवत, गाड्यांच्या काचा फोडत निघालेली सीसीटीव्हीत दिसायची आणि संध्याकाळपर्यंत ते चित्रण आमच्या मुलांच्या मोबाइलवर पोचलेलं असायचं.

एका मुलीनं वर्गशिक्षकांना सांगितलं म्हणून आम्ही नववीची दप्तरं तपासली, तीही सगळ्या वर्गासमोर. त्याच्या दप्तरात पी.टी.च्या पँटमध्ये गुंडाळलेला कोयता निघाला. नारळवाल्याकडे असतो तसाच, लाकडी मुठीचा. वहीच्या शेवटच्या पानावर बॉलपेनानं गिरवून गिरवून ‘३०७’ लिहिलेलं होतं. खुनाच्या प्रयत्नाचं तेव्हाचं हे कलम पोरं रील्समध्ये पदवीसारखं मिरवत होती. मला एवढा पुरावा पुरेसा वाटला. त्याला एकही प्रश्न न विचारता मी ऑफिसबाहेर उभं केलं.

त्याची आई धुणीभांडी करायची. कामावरून तशीच धावत आली. ‘‘बाई, मारा त्याला, काय पाहिजे ते करा, पण दाखला देऊ नका. शाळेत असतो तेवढा वेळ तरी त्यांच्यात नसतो,’’ असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या पोराबद्दल तिला जे कळत होतं ते ती मला सांगत होती. मी ते गयावया करणं समजले. बाकीच्या मुलांच्या सुरक्षिततेचं कारण मी पुढे केलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. तो सहामाहीत गणित आणि इंग्रजीत नापास होता. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुलं नववीतच गाळायची, त्यांना दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं, हे अनेक शाळांत चालतं आणि आमच्याकडेही चालायचं. शिक्षण हक्क कायदा आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. नववीत ते संरक्षण संपतं. तो गेला तर आमची सोयच होणार होती. दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात मी ‘चांगली’ असं लिहिलं आणि आपण मुलाचं भलं केलं असं मानून घरी गेले.

पुढच्या पावसाळ्यात एका हाणामारीत त्याचं नाव आलं. एकाच्या हातावर वार झाला होता. बाल न्याय मंडळानं त्याला येरवड्याच्या निरीक्षणगृहात ठेवलं आणि सामाजिक तपासणी अहवालासाठी परिविक्षा अधिकारी शाळेत आले. मुलगा कसा होता, कुणाशी बोलायचा, घरी कोण आहे, असं विचारत होते. माझ्याकडे हजेरीपट आणि कोयत्याची हकिगत, याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘कोयता कशासाठी आणला होता, असं विचारलं होतंत का मॅडम?’’

ते त्यांनी त्याला विचारलं होतं. घराच्या वाटेवर पलीकडच्या वस्तीतली पोरं त्याला अडवायची, मोबाइल हिसकावायची, मारायची. चौकातल्या एका मोठ्या पोरानं त्याला कोयता दिला आणि सांगितलं, आता तुला कोणी हात लावणार नाही. सुरुवात अशी झाली होती. शाळा सुटल्यावरही तो वर्गात रेंगाळायचा आणि शिपाईमामा त्याला हुसकून लावायचे, हे मी स्वतः पाहिलं होतं. उनाड आहे म्हणून सोडून दिलं होतं. तो घरी जायला घाबरत होता. मी दाखला दिला आणि दिवसातले सहा तासही चौकाला देऊन टाकले.

याहून जास्त लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ज्या ‘भाऊ’च्या जिवावर चौकातली ती पोरं उड्या मारत होती, त्याला आम्ही स्नेहसंमेलनात पाहुणा म्हणून बोलावलं होतं. त्यानं गरीब मुलांना वह्या वाटल्या होत्या. मुखपृष्ठावर त्याचाच फोटो. शाल-श्रीफळ मी माझ्या हातानं दिलं. भाऊ काय करतो हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. हॉलमध्ये बसलेल्या मुलांनी त्यातून काय घेतलं असेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. निदान कुणी बोलून दाखवला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ८३ वं कलम मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपये दंड सांगतं. हे मला त्या अधिकाऱ्यांकडून कळलं. तोवर माझ्या लेखी गुन्हेगार एकच होता, नववीतला.

आता दप्तरात काही सापडलं तर आधी मुलाशी बंद खोलीत, वर्गशिक्षकांसमोर बोलणं होतं. पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना आम्ही कळवतो आणि त्यांनी साध्या वेशात यावं असा आग्रह धरतो. संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवतो. ज्याला घरी जायचं नसेल त्यानं तिथं बसावं. वस्तीकडे जाणाऱ्या मुलांना शिपाईमामा मुख्य रस्त्यापर्यंत सोडतात. यानं सगळी मुलं वाचतात असं नाही. गेल्या वर्षी दहावीतला एक आमच्या डोळ्यांदेखत गेला. त्याच्या घरी आम्ही कितीदा तरी गेलो होतो. नववीच्या निकालाच्या बैठकीत मात्र १७ नंबरच्या फॉर्मसाठी नावं निघाली की मी अडून बसते. संस्थेला ते आवडत नाही.

जूनमध्ये भाऊकडून वह्यांचा निरोप पुन्हा आला. मी नको म्हणून कळवलं. त्यानं चौकात मांडव घालून वाटल्या, आणि आमची मुलं गणवेशातच रांगेत उभी राहिली. वह्या त्यांना हव्याच होत्या. पुढच्या जूनसाठी माजी विद्यार्थ्यांकडून पैसे जमवायला मी आतापासूनच सुरुवात केली आहे.