झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण बहुधा घेणाऱ्याला ऐकवतो. हातात काही नसले तरी मूठ उघडू नये, म्हणजे अब्रू राहते, असा तिचा अर्थ मी वर्गात मुलांना सांगतो. पण देणाऱ्यानेही मूठ झाकावी लागते, हे मला दाखवले ते एका साध्या कापडी पिशवीने.

आमचा बुलढाणा जिल्हा कॅथलिकांच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ साली झाला. आमच्या तालुक्याच्या गावी मात्र रविवारच्या मिस्सेला जमणारी माणसे दोन सतरंज्यांवर मावतील एवढीच. कोणी केरळातून आलेली नर्स, कोणी नगरकडून बदलून आलेला कारकून, कोणी मूळचा वसईचा निवृत्त रेल्वे-गार्ड. या मंडळींनी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा काढायचे ठरवले. गार्डसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही घरात कादोडी बोलतो, नर्सबाई मल्याळी. सभेचा वृत्तांत लिहायला तुम्ही या." मी त्यांच्या धर्माचा नाही. पण कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकावायचे आमंत्रण मिळाले, तर तो कशाला सोडील?

संस्थेची जन्मकथा मला गार्डसाहेबांनीच सांगितली. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. हा आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात धर्माची बाजू हिरिरीने मांडत. एकदा प्रतिपक्षाने टोमणा मारला, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकीने थैमान घातले होते. टोमणा वर्मी लागला. ओझानाम, आणखी पाच विद्यार्थी आणि बायी नावाचे एक वडीलधारे संपादक असे सात जण जमले. गरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रँद्यू यांनी त्यांना घरे दाखवली, गरिबाच्या घरी बसावे कसे तेही शिकवले. ते चर्चामंडळ 'कॉन्फरन्स' म्हणवीत असे, म्हणून आजही या संस्थेच्या शाखेला कॉन्फरन्सच म्हणतात. जगातल्या दीडशेच्या आसपास देशांत तिचे काम चालते. मुंबई-वसईकडच्या चर्चांतून तर ती चांगली रुळलेली आहे. ओझानामला १९९७ साली पोपनी धन्यवादित घोषित केले.

मला वाटले होते, शाखा स्थापन होते म्हणजे फलक लागतो, हारतुरे होतात, अध्यक्षांचे भाषण होते. इथे यातले काहीच नव्हते. आठ माणसे चर्चच्या ओसरीत बसली. प्रार्थना झाली, एक उतारा वाचला गेला, अध्यक्ष आणि खजिनदार ठरले. मग नर्सबाईंनी शिवलेली ती पिशवी फिरू लागली. नियम असा की प्रत्येकाने मूठ मिटूनच हात आत घालायचा आणि मोकळा हात बाहेर काढायचा. कोणी किती टाकले, किंवा काहीच टाकले नाही, हे कोणाला कळता कामा नये. खजिनदाराने एकूण रक्कम सांगितली, ती मी वहीत लिहिली. देणाऱ्यांच्या नावांचा रकानाच त्या वहीत नव्हता. शाळेच्या भिंतीवर पंख्यापासून घड्याळापर्यंत प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचे नाव वाचायची सवय झालेला मी माणूस! मला ती वही फार कोरी वाटली.

त्या वहीचा अर्थ पुढच्या आठवड्यात कळला. मदत घेऊन नेहमी दोघांनी घरी जायचे, असा त्यांचा दुसरा नियम. वऱ्हाडी बोली कळावी म्हणून मी तिसरा गेलो. घर एका शेतकरी बाईचे होते. तिचे नावगाव सांगत नाही, तोही नियमच आहे. नवरा गेला होता, कापसाचे पीक हातचे गेले होते, दोन मुले शाळेत होती. ती आमच्या धर्मसभेतली नव्हती. पण मदतीसाठी धर्म विचारायचा नसतो. तिने आम्हाला पाणी दिले, पिशवीतल्या धान्याकडे पाहिले आणि मला विचारले, "गुरुजी, हे कोनं देलं?"

"का हो ताई?"

"नाव सांगा. म्हंजे त्याच्या दारावरून जातानी मान खाली घालाव लागीन का नाही, ते मले समजन."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ताई, खरे सांगू? मलाच ठाऊक नाही. आठांनी दिले, की सातांनी, की माझ्याच नाण्यातले हे दाणे आहेत, कोणालाच सांगता येणार नाही."

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मंग ठेवा." आणि धाकट्याला हाक मारून तिने डबा आणायला सांगितला.

दान देणारे आपल्याकडे थोडे नाहीत. आमच्या शेगावला हजारो सेवेकरी नावाची पाटी न लावता राबतात. पण एरवी आपण देतो तेव्हा घेणाऱ्याची मान थोडी वाकवूनच घेतो. फोटो काढतो, त्याला रांगेत उभे करतो. त्या बाईला धान्याची गरज होतीच. पण तिने आधी विचारले ते मानेबद्दल. पॅरिसच्या त्या पोरांना हे विसाव्या वर्षी उमगले, याचे मला नवल वाटते.

नव्या शाखेचे काम काही काळ नीट चालले की पॅरिसहून रीतसर जोडून घेतल्याचे पत्र येते. आमच्याकडे ते अजून आलेले नाही. गार्डसाहेब अधूनमधून चौकशी करतात. नर्सबाई म्हणतात, घरे वाट पाहत नाहीत. बैठक दर आठवड्याला भरते. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत ठरले आहे, त्या मुलांना कपडे न्यायचे, पण मापाचे, आणि रंग त्यांनी निवडायचा. वृत्तांतात मी तेवढेच लिहिले. फराळाचे ताट शेजारी पाठवताना आपण वर रुमाल घालतोच की!